स्वार्थी माणसाला धर्म लागू आहे काय?

(दुधनी येथील कीर्तनातील निरूपण)



काल एका तरुण व्यापाऱ्याने मला विचारलं, "महाराज, खरं बोला, दुसऱ्याचं घेऊ नका, हे नियम माळकऱ्यांना ठीक आहेत. त्यांना वैकुंठाला जायचंय. मला कुठंच जायचं नाही. मी माझा फायदा बघतो आणि ते लपवतही नाही. मग तुमचा नियम मला कसा लागू?" ऐकणारे हसले. पण प्रश्न हसण्यासारखा नाही. हाच प्रश्न मनात ठेवून टाळ वाजवणारे पुष्कळ आहेत. त्याने तो तोंडाने विचारला एवढंच. म्हणून आजची सेवा त्या प्रश्नावर.

ही दुधनी आहे. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं, राज्याच्या अगदी कडेचं गाव. अलीकडे अक्कलकोटचे स्वामी, पलीकडे गाणगापूरचे दत्तप्रभू. पण बाजारात दुधनीचं नाव आहे ते तुरीचं, मुगाचं, उडदाचं. कुणी शेतकरी मराठी बोलत येतो, कुणी कन्नड बोलत येतो; काट्यावर पोतं दोघांचंही सारखंच चढतं.

चला, त्या बाजारातच जाऊन बसू. ज्याला धर्म नको, नुसता फायदा हवा, त्याच्याच गादीवर बसू. तूर घेताना तो काय धरून चालतो? तोलार खरा आकडा सांगेल. हमाल वाटेत पोतं फोडणार नाही. वर दाखवला तोच माल पोत्याच्या तळाशी असेल. मुनीम गल्ल्यात हात घालणार नाही. डाळ मिलवाला पैसे बुडवणार नाही. म्हणजे बघा, या एकाचा स्वार्थ चालायला पाच जणांनी धर्माने वागायला हवं! नियम नको असं तो म्हणतो, पण नियम त्याला हवाच आहे. सगळ्यांच्या गळ्यात हवा, आपल्या तेवढ्या नको. अहो, वजनमापाचा शिक्का मारणारा विचारतो का, तुझ्या गळ्यात माळ आहे की नाही म्हणून? किलो म्हणजे किलो.

इथं थांबलो तर टाळ्या मिळतील. पण तो हुशार आहे, तो एवढ्यावर गप्प बसणार नाही. तो म्हणेल, "महाराज, समजा कुणाला कधीच कळणार नाही. पोत्यामागं अर्धा किलो मारला. बाजाराचा विश्वास आहे तसाच राहिला, आणि माझा फायदा झाला. आता बोला!"

लबाडाला लगेच रोग होतो, त्याचं पोरगं वाया जातं, असं मी सांगणार नाही. तुम्हीही पाहिलंय, मीही पाहिलंय. लबाडीवर माड्या चढतात, आणि पचतेही ती. शिवाय भीती घालून धर्म सांगितला, तर ज्या दिवशी भीती गेली त्या दिवशी धर्मही गेला.

मग नियम लागू कसा? अरे बाबा, तो अर्धा किलो कुणाचा होता? मृगात पेरून, महिनोन्‌महिने आभाळाकडे बघत, पौषात तूर कापून आणणाऱ्या माउलीचा होता. तिने तुला सांगितलं होतं का, की तू स्वार्थाचा उपासक आहेस, तेव्हा तुला सूट? नियमाचं मूळ तुझ्या श्रद्धेत नाहीच. ते तिच्या पोत्यात आहे. तू देव मान, नको मानू. पोतं तिचंच राहतं. आम्ही म्हणतो तिच्या ठायी पांडुरंग आहे. तुला पांडुरंग दिसत नाही, न दिसो. ती तर दिसते?

आता जरा आपल्याकडे वळू. पतंजली महामुनींनी अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह हे पाच यम सांगितले आणि त्यांना सार्वभौम महाव्रत म्हटलं. सार्वभौम कधी? जात, देश, काळ आणि प्रसंग यांपैकी कशाचीच सवलत घेतली नाही तर. भाष्यात दाखला कोळ्याचा आहे. तो म्हणतो, मी फक्त मासेच मारतो. आणखी कुणी म्हणतो, तीर्थात मारणार नाही. कुणी म्हणतो, चतुर्दशीला मारणार नाही. आमचंही तेच! चंद्रभागेत उभे आहोत तोवर खोटं बोलायचं नाही. एकादशीला काटा खरा, आणि द्वादशीला उपवास सुटला की काटाही सुटला. तो पोरगा सगळी सवलत एकदाच मागतो. आपण दर पंधरवड्याला थोडी थोडी मागतो, आणि वर त्याला हसतो.

तो म्हणेल, "म्हणजे फायदा बघायचाच नाही?" कोण म्हणतं! तुकोबारायांचं घर महाजनांचं. दुकान होतं, सावकारी होती. 1630 च्या दुष्काळात सगळं मोडलं, पत्नी गेली. पुढं कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे तुम्हाला पाठ आहे. पण त्यातली एक गोष्ट कीर्तनात घाईने उरकली जाते. चरित्रकार सांगतात की आधी खतांची वाटणी झाली. अर्धी धाकटे बंधू कान्होबांना दिली, आणि तुकोबांनी आपली अर्धीच बुडवली. कान्होबांना प्रपंच चालवायचा होता. रीतसर दिलेलं रीतसर मागण्यात अधर्म कुठला? खतं बुडवणं हे तुकोबांचं व्रत. ते त्यांनी भावाच्या डोक्यावर ठेवलं नाही. दुसऱ्याचं न घेणं मात्र दोघांनाही सारखंच लागू होतं, आणि त्या व्यापाऱ्यालाही आहे. सौदा करायचा तर भावात करावा, मोठ्याने बोलून करावा. काट्यात करू नये.

आणि वाटणीने भाऊ दुरावले नाहीत बरं का. तुकोबा वैकुंठाला गेल्यावर कान्होबांनी जो आक्रोश केला, त्याचे अभंग गाथ्यात आहेत. हिशेबाची खतं जपणाऱ्या माणसाचे आहेत ते. टाळकरी मंडळी, उभे राहा. त्यातलाच एक म्हणू आणि मग आरती करू.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!