उष्णता, गाठ आणि गणित



यकृतातील कर्करोगाची लहान गाठ सुईवाटे उष्णता देऊन जाळता येते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात असे उपचार होतात. ६० अंश सेल्सिअसच्या वर पेशी जवळजवळ तत्काळ मरतात. परंतु शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीतील वाहते रक्त उष्णता ओढून नेते आणि त्या बाजूस गाठ शिल्लक राहू शकते. उष्णता कुठवर पोचेल याचा अंदाज संगणक आधीच देऊ शकतो. त्याच्या मुळाशी बहुधा पेनेस यांचे १९४८ सालचे समीकरण असते. अशा हिशेबाच्या पायऱ्यांना 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादला राहिलेल्या अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला.

म्हणून यवतमाळ जिल्ह्यातील पालकांना विनंती, की दहावीनंतर लेकीचे गणित बंद करू नका. रोग्याचा जीव याच हिशेबावर असतो.