दूर वाढणारीं लेंकरें

(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत धर्मग्रामाच्या मुख्य धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या मंगल दिवशीं मंदिराचें आणि जुन्या मिशनऱ्यांचें गुणगान पुष्कळ झालें, व तें योग्यच आहे. मला मात्र आपलें लक्ष मागच्या बाकांकडे वळवावयाचें आहे. दसरा उलटला कीं मुकादमाची उचल घेतलेलीं जोडपीं कोयता घेऊन ऊसतोडीस निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहींत. त्यांचीं कांहीं मुलें फडाजवळच्या कोपींत राहतात. कांहीं मागें आजीजवळ, मामाकडे अथवा वसतिगृहांत राहतात. आजीचा पदर धरून मिस्सेस येणारीं तीं हींच.

एक अपराध कबूल करतों. तरुणपणीं माझ्याकडे एका बोर्डिंगची देखरेख होती. तेथें आठ वर्षांचा एक मुलगा उशाखालीं आईच्या लुगड्याचा मळकट तुकडा ठेवी. स्वच्छतेच्या नांवाखालीं मीं तो धुऊन घेतला. सायंकाळीं त्याच्या हातीं दिला, तेव्हां त्यानें तो नाकाशीं धरला आणि मुकाट्यानें मला परत केला. आईचा वास मीं धुऊन टाकला होता! त्या रात्रीं तो जेवला नाहीं. अन्न, अंथरूण, वह्या, सर्व कांहीं आम्ही त्याला देत होतों. त्याच्याजवळचें काय काढून घेतलें, हें मात्र मला कळलें नव्हतें. पुढें त्याची आई भेटीस आली, तेव्हां मीं दुसरा तुकडा मागून घेतला. त्याला मीं कधीं पाणी लावूं दिलें नाहीं.

जुन्या करारांतील हन्नेनें शमुवेलाला दूध तुटल्यावर शिलो येथें एली याजकाच्या हवालीं केलें. परंतु दरवर्षीं ती त्याच्यासाठीं लहानसा झगा शिवून नेई. वर्षभरांत लेंकरूं किती वाढलें असेल, याचें माप त्या माउलीनें मनाशींच घेतलें असलें पाहिजे. आणि एली त्या मातापित्यांस आशीर्वाद देई. मूल सांभाळणारानें आईबापांची जागा बळकावूं नये, ती राखून ठेवावी, हा यांतील बोध आहे.

म्हणून मुलाच्या देखत ‘आईबापांनीं टाकलें’ असें कधीं बोलूं नका. गरिबीनें दूर नेलें, असें सांगा. ‘उद्यां येतील’ ही खोटी आशाही दाखवूं नका. आठवड्याचा एक वार ठरवून फोन लावून द्या. दांत पडला, पाढा पाठ झाला, हें त्याच्याच तोंडून आईच्या कानीं जाऊं द्या. म्हाताऱ्या आजीच्या घरीं पाणी, सरपण, औषध पोहोंचतें कीं नाहीं, तें शेजाऱ्यांनीं पाहावें.

कायद्याचा आधारही जाणून घ्या. 2009 च्या कायद्यानें 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. बीडसारख्या जिल्ह्यांत ऊसतोडीच्या दिवसांत मुलांची शाळा सुटूं नये म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय केली जाते. ज्यांचे आईबाप वारले, अथवा दुर्धर आजारानें खिळले, अशा मुलांस नातलगाच्या घरीं वाढतां यावें म्हणून राज्याची बालसंगोपन योजना आहे. 2023 मध्यें तिची रक्कम दरमहा 2,250 रुपये करण्यांत आली. त्यासाठीं जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयांत जावें. ज्यांना अर्ज लिहितां येत नाहीं, त्यांनीं माझ्याकडे यावें.

आणखी एक गोष्ट. दूर वाढणारें मूल कोणाचें भय सांगूं लागलें, तर त्याच्यावर विश्वास ठेवा. मग तो मनुष्य घरचा असो, शिक्षक असो, वा आम्हां धर्मगुरूंपैकीं असो. 1098 या क्रमांकावर रात्रंदिवस साहाय्य मिळतें.

संत योसेफानें सोंपविलेलें लेंकरूं आपलें म्हणून वाढविलें. आपल्या प्रत्येक वाडीनें यंदाच्या हंगामांत अशीं मागें राहिलेलीं मुलें मोजावीं, आणि एकेका कुटुंबानें एकेका आजीचें दार सांभाळावें. पाडव्याच्या सुमारास आईबाप परततील, तेव्हां त्यांचें मूल त्यांना ओळखून धांवत जावें, एवढें झालें तरी हा महोत्सव सफळ झाला असें मी मानीन.

परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.