घरातली वाचणारी
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



समितीनं मला ‘माझं वाचन’ या विषयावर बोलायला सांगितलंय. त्यासाठी घरापासूनच सुरुवात करावी लागेल.

माझे आईवडील चीनच्या हुबेई प्रांतातून आले. तिकडची बरीच माणसं भारतात दातांची कामं करत, कागदी फुलं विकत. वडील दात बसवायचे, आई फुलं करायची. दोघांनाही देवनागरी येत नव्हती. त्यामुळे माझी बाराखडी पुरी झाली आणि मी घरातली वाचणारी झाले. रेशनकार्ड, भाड्याची पावती, जिन्यात लावलेली नोटीस, सगळं माझ्याकडे.

१९६२च्या युद्धानंतर कागद वाढले. देशातल्या सुमारे ३००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं होतं. आम्ही त्यातून वाचलो. पण नोंदणी होती, परवाने होते. इंग्रजी कागद आला की आई तो माझ्या दप्तरात ठेवी. मधल्या सुट्टीत बाई तो वाचून मला मराठीत समजावत. वर्गात त्याबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. बाई आज समोर बसल्या आहेत. त्यांना माझा नमस्कार.

त्याच बाईंनी मला ‘श्यामची आई’ घरी न्यायला दिलं. संध्याकाळी आई फुलांना तारा गुंडाळायची आणि मी एकेक रात्र आमच्या बोलीत सांगायची. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आईनं फोक मारून बाहेर काढलं, हे ऐकून आई म्हणाली, “ही तर आमच्या गावची बाई!” पुढचा भाग ऐकल्याशिवाय ती दिवा मालवू देत नसे.

वडिलांचं वाचन वेगळं. माझगावात १९१९ सालचं चिनी देऊळ आहे. तिथला देव क्वान कुंग, म्हणजे तीन राज्यांच्या कादंबरीतला शूर सेनापती. त्याच्या गोष्टी वडिलांना तोंडपाठ होत्या. देवळात येणाऱ्या कँटनी मंडळींची बोली त्यांना कळत नसे. मग दोघं कागदावर लिहून बोलत. चिनी अक्षराचा उच्चार गावोगाव बदलतो, अर्थ तोच राहतो. मराठीत मला न कळलेला शब्दही मोठ्यानं वाचता यायचा. वडिलांना न बोलता येणाऱ्या माणसाचं लिहिलेलं कळायचं. याचं मला अजून नवल वाटतं.

वडील गेल्यावर पत्र्याच्या डब्यात गावाकडची पत्रं सापडली. साऱ्या घराचे कागद वाचणारी मी, पण त्यांतली एक ओळ मला लागेना. एकसष्टाव्या वर्षी शिकवणी लावली. वर्तमानपत्र वाचायला दोन-तीन हजार अक्षरं लागतात. माझी सहाशेच्या आसपास झालीत. पहिलं पत्र लावायला तीन आठवडे गेले. त्यात गळकं छप्पर होतं, धाकट्या काकाचं लग्न होतं, आणि पोरगी शाळेत जाते का, ही चौकशी होती.

एक विनंती करून थांबते. आपल्या निधीतून शाळेच्या ग्रंथालयाला कपाटं घ्यायचं ठरतंय. जरूर घ्या, पण त्यांना कुलूप नको. आजही या शाळेत अशी मुलं आहेत, ज्यांच्या आईवडिलांना मराठी वाचता येत नाही. त्यांना पुस्तक घरी नेऊ द्या. घरी एकच जण वाचत असला, तरी ऐकणारे पुष्कळ असतात.