वाघुरेच्या कांठचा एक दिवस

अजिंठ्याचीं लेणीं पाहावयास निघालेल्या प्रवाशाची पहिली फसगत नांवानेंच होते. अजिंठा गांव घाटमाथ्यावर, सिल्लोड तालुक्यांत. लेणीं मात्र घाटाखालीं, सोयगांव तालुक्यांतील लेणापूरच्या शिवारांत. छत्रपती संभाजीनगराकडून येणारा गांव मागें टाकून घाट उतरतो, जळगांवकडून येणारा फर्दापुरास थांबतो. फर्दापूरच्या फाट्यावर खासगी गाड्या ठेवून पुढचे सुमारें ४ किलोमीटर तेथील मोटारबसनेंच जावें लागतें. धुरानें चित्रांस अपाय होऊं नये म्हणून हा निर्बंध आहे. सोमवारीं लेणीं बंद असतात, हें घरून निघतांनाच ध्यानांत ठेवलेलें बरें.

बस थांबते तेथून लेण्यांचा मागमूसही लागत नाहीं. वाघूर नदी या डोंगरांत घोड्याच्या नालासारखी वळली आहे आणि त्या वळणाच्या कड्यांत, जणुं नदीनें पाठीशीं घालून, तीस लेणीं कोरलेलीं आहेत. वरच्या अंगास नदी सात टप्प्यांनीं कुंडांत उतरते. पुढें ती उत्तरेस जाऊन तापीला मिळते. आज प्रवासी कड्याच्या पोटांतून काढलेल्या पायवाटेनें एका लेण्यांतून दुसऱ्यांत जातो. मूळची योजना अशी नव्हती. बहुतेक लेण्यांना स्वतःचा जिना होता आणि तो सरळ पात्रांत उतरत असे. पावसाचे महिने एका जागीं काढावयाचे हा भिक्षूंचा नियम; त्यांना निवारा कड्यानें दिला आणि पाणी वाघुरेनें.

लेण्यांचे क्रमांक वाटेच्या सोयीनें पडले आहेत, वयाच्या क्रमानें नव्हे. म्हणून जाणता वाटाड्या पहिल्या लेण्यांतील प्रसिद्ध पद्मपाणीसमोर माणसांना लगेच उभा करीत नाहीं. तो त्यांना थेट १० व्या क्रमांकाकडे नेतो, आणि त्याचें तें करणें योग्यच आहे. हें चैत्यगृह इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतलें मानतात. दर्शनी भागावर वासिठीपुत कटहादि नांवाच्या दात्याचा लेख आहे. आंत बुद्धाची मूर्ति नाहीं, फक्त स्तूप. जवळच १२ वा विहार. त्यांत तीन बाजूंस चार चार खोल्या, प्रत्येक खोलींत दोन दगडी ओटे, आणि डोक्याकडे उशीसारखा उंचवटा. राजे, अप्सरा आणि हत्ती पाहून जो थकला असेल त्यानें या ओट्याजवळ क्षणभर उभें राहावें. येथें माणसें राहात होतीं, ही गोष्ट त्या उशीनें जितकी पटते तितकी कोणत्याही ग्रंथानें पटत नाहीं.

१० व्या लेण्यांतच एका खांबावर दुसरें एक नांव कोरलेलें दिसतें: जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. मद्रासच्या फौजेंतील हा अधिकारी वाघाच्या शिकारीसाठीं या दरींत आला होता. नांव आज उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर आहे, कारण तेव्हां लेणें दगडमातीनें भरलेलें होतें आणि स्मिथ त्या ढिगावर उभा होता. चित्रावर नांव कोरण्याची खोड साहेबालाही सुटली नाहीं!

दुसरा मोठा काळ इसवी सनाच्या पांचव्या शतकांतला, वाकाटक राजा हरिषेण याच्या राजवटींतला. त्याचा मंत्री वराहदेव यानें १६ वें लेणें करविलें. नदीवरून चढणाऱ्या त्याच्या जिन्याशीं दोन दगडी हत्ती अजून उभे आहेत. १७ व्या लेण्यांत जातककथांची दाटी आहे. घाई करावयाची तर दुसरीकडे करावी, येथें नको. २६ व्यांत निर्वाणशय्येवरील बुद्धाची प्रचंड मूर्ति आहे.

हीं चित्रें ओल्या चुन्यावरचीं नव्हेत. माती, शेण, भाताचें तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळून खडकावर गिलावा दिला, वर चुन्याचा पातळ हात फिरविला, आणि तो सुकल्यावर रंग भरले. असला थर ओल, कीटक, वटवाघळें आणि माणसाचा श्वास यांना किती काळ तोंड देणार? ही भीति जुनीच आहे. १८४४ मध्यें कंपनी सरकारनें रॉबर्ट गिल याला नकला करावयास पाठविलें. त्यानें येथें अनेक वर्षें घालविलीं. त्याच्या नकला लंडनला सिडनहॅमच्या स्फटिकप्रासादांत लावल्या आणि १८६६ च्या आगींत मोजक्या वगळतां जळून गेल्या. पुढें ग्रिफिथ्सनें मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांसह १८७२ पासून तेंच काम केलें. त्यांतल्याही पुष्कळ नकला १८८५ मध्यें लंडनमध्येंच आगीला बळी पडल्या. मूळ चित्रें नष्ट होतील म्हणून ज्या नकला केल्या, त्या गेल्या. मुळें मात्र ओलसर अंधारांत टिकलीं. निजामाच्या राज्यांत इटालियन तज्ज्ञांनीं १९२० नंतर सुटणारा गिलावा बसविला हें त्यांचें मोठें काम, पण त्यांनीं दिलेला लाखेचा थर पुढें पिवळा पडला आणि तो उतरविण्याचें किचकट काम नंतरच्यांना करावें लागलें.

गिलची कथा लेणापूरच्या पारूवांचून पुरी होत नाहीं. ती १८५६ मध्यें वारली. अजिंठा गांवीं तिची कबर आहे. तिच्यावर ‘अजिंठा’ हें दीर्घकाव्य लिहिणारे ना. धों. महानोर याच परिसरांतील पळसखेड्याचे.

पहिलें व दुसरें लेणें शेवटीं पाहावें. आंत प्रकाश मंद असतो. डोळा सरावेपर्यंत थांबल्यावांचून पद्मपाणीच्या हातांतील कमळही नीट दिसत नाहीं. पायांत बळ उरलें असेल त्यानें नदी ओलांडून समोरच्या टेकडीवर चढावें, म्हणजे सगळा नाल एका दृष्टींत येतो. आणि ज्याला आणखी एक दिवस सांपडेल त्यानें जंजाळ्याजवळचें घटोत्कच लेणें गांठावें. तेथेंही वराहदेवाच्या घराण्याचा लेख आहे. गर्दी मात्र नाहीं. पाण्याची सोय बरोबर घेऊनच निघावें.