पार्ट्स लिस्टमधलं मीठ

मागे उभे असलेले पालक, आणि मेकअप करून, घुंगरू बांधून माझं भाषण कधी संपतं याची विंगेत वाट बघणाऱ्या मुलामुलींनो,

निवेदिकेने माझी ओळख ‘यशस्वी उद्योजक’ अशी करून दिली. त्यात थोडी दुरुस्ती करतो. नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत माझं सर्किट बोर्ड जोडून देण्याचं छोटं युनिट आहे. वीज गेली की मीही कामगारांसोबत शेडच्या बाहेर येऊन उभा राहतो. तुमच्या विभागप्रमुखांनी फोनवर सांगितलं, “मुलांना काहीतरी प्रेरणादायी सांगा.” प्रेरणा देण्याचं काम मला जमत नाही. पण त्यांनी पुढे असंही सांगितलं की इलेक्ट्रॉनिक्सची पोरं डिझाइन स्पर्धेत उतरतायत आणि पंधरा दिवसांनी सबमिशन आहे. म्हटलं, मग येतो. फाइल कशी करायची ते सांगतो. बाकीच्या शाखांच्या मुलांनी दहा मिनिटं सहन करावं, तुमचीही कधीतरी फाइल असतेच.

गोष्ट १९९१ ची. मी शेवटच्या वर्षाला होतो. पुण्यात स्पर्धा होती आणि आमचा प्रोजेक्ट होता पाण्याच्या टाकीचा ऑटोमॅटिक पंप कंट्रोलर. टाकीत पितळेच्या दोन सळया सोडायच्या, पाणी सळयांना टेकलं की त्यातून बारीकसा करंट वाहतो, ट्रान्झिस्टर ऑन होतो, रिले खटकन आवाज करतो आणि पंप बंद. आज आठवीतलं पोरगं करेल, पण तेव्हा आम्हाला वाटायचं की आता मोटरवाले आमच्या दारात रांग लावणार. घरी विहिरीवर महिनाभर चालवून पाहिलं होतं. एकदाही चुकलं नाही, असं आम्हाला वाटत होतं.

महाराष्ट्र एक्सप्रेसने, मांडीवर पुठ्ठ्याचा खोका घेऊन, आम्ही तिघं पुण्याला गेलो. हॉलमध्ये टेबल मिळालं, काचेच्या भांड्यात नळाचं पाणी भरलं, सळया सोडल्या. रिले गप्प. पाणी वाढवलं, गप्पच. प्रवासात कुठेतरी ड्राय सोल्डर झालं असेल म्हणून सगळे जोड पुन्हा तापवले. काही नाही. परीक्षक दोन टेबलांवर आले होते. तेवढ्यात आमच्यातला एक जण कँटीनकडे पळाला आणि मूठ झाकून परत आला. त्याने हळूच भांड्यात काहीतरी टाकलं, बोटाने ढवळलं, आणि रिले खटकन वाजला.

मीठ होतं. आमच्या विहिरीचं पाणी क्षाराचं, करंट चांगलं वाहून नेणारं. पुण्याच्या नळाचं पाणी गोडं, त्यातून पुरेसा करंट जाईना. आमचं सर्किट आमच्या विहिरीपुरतंच डिझाइन झालेलं होतं आणि ते आम्हालाच माहीत नव्हतं.

परीक्षक आले. वयस्कर गृहस्थ, जाड भिंगाचा चष्मा. रिलेचा आवाज ऐकून खूश झाले. मग त्यांनी टेबलावर सांडलेले चार दाणे बोटाला लावले, जिभेवर ठेवले आणि आमची फाइल उघडली. शेवटच्या पानापर्यंत गेले. म्हणाले, “पार्ट्स लिस्टमध्ये मीठ कुठे आहे?”

सगळे हसले, आम्हीही हसलो. पण त्यांचा दुसरा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. डायग्राममध्ये ट्रान्झिस्टरच्या बेसला दहा किलोओहमचा रेझिस्टर काढला होता आणि बोर्डावर चार पॉइंट सात किलोओहमचा लावला होता. “का बदलला?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बदलला होता खरा, कधीतरी रात्री, काहीतरी चालेना म्हणून. काय चालेना, हे कोणालाच आठवत नव्हतं. ते लिहून ठेवलं असतं तर तेव्हाच कळलं असतं की त्या आठवड्यात पाऊस झाला होता, विहिरीत नवं पाणी आलं होतं, आणि पुण्यात जे झालं त्याची पहिली सूचना आम्हाला घरीच मिळाली होती. हे मला कळायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

आता मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. दुपारभरात चाळीस फाइली समोर येतात. सुरुवात बहुतेकांची एकच, ‘आजच्या आधुनिक युगात तंत्रज्ञान झपाट्याने बदलत आहे.’ ते वाक्य मी वाचत नाही, कोणीच वाचत नाही. मी सरळ ब्लॉक डायग्राम बघतो, मग सर्किट, मग बोर्डाचा फोटो. सर्किट आणि फोटो जुळत नसेल तर तिथेच थांबतो. कारण स्पर्धेच्या पहिल्या फेरीत तुम्ही माझ्यासमोर नसता. “सर, तो भाग नंतर बदलला” हे सांगायला फाइलच असते. कागद बोलला नाही तर तुमच्या वतीने कोणी बोलणार नाही.

कागद किती बोलू शकतो याचं एक मोठं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी ‘स्वयम्’ नावाचा उपग्रह केला. वजन जेमतेम एक किलो. २२ जून २०१६ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ ने एकूण २० उपग्रह नेले, त्यात हा होता. त्याची खुबी अशी की अंतराळात दिशा धरायला त्याला वीज लागत नसे. आत चुंबक बसवलेला, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून तो आपला आपण वळायचा, होकायंत्राच्या सुईसारखा. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. काम सुरू झालं २००८ च्या सुमारास. इंजिनिअरिंग असतं चार वर्षांचं. म्हणजे ज्यांनी पहिली आकडेमोड केली ती मुलं उपग्रह उडाला तेव्हा केव्हाच नोकरीला लागली होती, काहींची लग्नंही झाली असतील. मधल्या बॅचेसनी काम पुढे नेलं ते कशाच्या जोरावर? आधीच्यांच्या नोंदींच्या. आणि समोर परीक्षक म्हणून होते इस्रोचे शास्त्रज्ञ. “सर, सीनियरला विचारून सांगतो” असं तिथे किती वेळा चालणार?

तुम्हाला उपग्रह करायचा नाही, मान्य. मग आपल्या शहरातल्या नाग नदीवर या.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट या सभागृहातल्या कितीतरी जणांना आठवत असेल. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला आणि लोक जागे झाले ते पलंगाला पाणी लागल्यावर. त्यानंतरच्या वर्षी मी ज्या स्पर्धेला परीक्षक होतो तिथे पुराची सूचना देणारे सात प्रोजेक्ट होते. सहा जवळपास सारखे. पुलाखाली अल्ट्रासोनिक सेन्सर लावायचा, तो आवाज सोडतो, पाण्यावर आपटून प्रतिध्वनी येतो, लागलेल्या वेळेवरून अंतर काढायचं, अंतर कमी झालं की मेसेज. सेन्सर तोच, शंभर रुपयांच्या आसपास बर्डीच्या बाजारात मिळतो तो एचसी-एसआर०४. आणि सहाही फाइलींत एकच वाक्य, ‘अचूकता ३ मिलिमीटर’. डेटाशीटमधून उतरवलेलं.

सातवी फाइल तीन मुलींची होती. त्यात अचूकतेचं एक आख्खं पान होतं आणि त्या पानावर चार आकडे.

त्यांनी गच्चीवर भिंतीपासून बरोबर तीन मीटरवर सेन्सर बसवला होता. भिंत हलत नाही, म्हणजे उत्तर कायम ३०० सेंटीमीटर यायला हवं. जानेवारीत पहाटे, १२ अंश तापमानात आलं ३०१. ठीक. मे महिन्यात दुपारी, ४४ अंशांत, आलं २८५. भिंत पंधरा सेंटीमीटर पुढे सरकली! म्हणजे नदीवर लावला असता तर भर उन्हाळ्यात, कोरड्या पात्रात, यंत्राने पाणी वाढल्याचा मेसेज पाठवला असता. कारण असं की आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो, साधारण दर अंशाला सेकंदाला ०.६ मीटर. आणि आपण सगळे नेटवरून जो कोड उचलतो त्यात वेग सेकंदाला ३४० मीटर असा ठोकून दिलेला असतो. ज्याने कोड लिहिला त्याच्या गावात नागपूरचा मे महिना नसणार.

तिसरा आकडा होता ३०७, आणि माझा आवडता तोच. मुलींनी उपाय केला, तापमान मोजायचा सेन्सर बसवला आणि त्याप्रमाणे वेग बदलला. पण सेन्सर बसवला काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात. उन्हात डबा तापून आत झाले ५८ अंश, बाहेर हवा ४४ ची. दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त झाली, आता भिंत सात सेंटीमीटर मागे गेली. चौथ्या वेळी तो सेन्सर डब्याखाली सावलीत, मोकळ्या हवेत टांगला. आकडा आला ३००.

३०१, २८५, ३०७, ३००. त्या पानावर एकही विशेषण नव्हतं. खाली पेन्सिलने डबा काढला होता आणि बाणाजवळ लिहिलं होतं, ‘इथे लावू नका’. मी शेजारच्या परीक्षकांना ते पान दाखवलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. बाकीच्या सहा फाइलींत अपयशाची एक ओळही नव्हती. सगळं पहिल्याच फटक्यात चाललेलं. माझ्या शेडमध्ये एवढ्या वर्षांत पहिल्या फटक्यात चाललेला बोर्ड मी बोटांवर मोजू शकतो, आणि त्या प्रत्येकाची मला भीती वाटली आहे.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे, आणि ते पंधरा दिवसांत जमण्यासारखं आहे. फाइल शेवटच्या रात्री लिहायला बसू नका. शंभर पानी वही घ्या, आजच. तारीख टाका. काय बदललं, का बदललं, आधी किती येत होतं, मग किती आलं. मराठीत लिहा, वऱ्हाडीत लिहा, “काऊन बाप्पा चालत नाही हे” असं लिहिलं तरी चालेल. स्पर्धेच्या फॉर्ममधले रकाने त्या वहीतून आपोआप भरतात. फाइलसोबतचा व्हिडिओ बिनएडिटिंगचा, एका दमात, बोर्ड जवळून दिसेल असा. मागे गाणं लावू नका. पार्ट्स लिस्ट बिल समोर ठेवून करा. झालं.

बदल करायला लाजू मात्र नका. तुम्ही पहिल्या सेमिस्टरपासून जिने एलईडी लुकलुकवता ती ५५५ टायमर आयसी १९७१ मध्ये हान्स कॅमेनझिंड यांनी डिझाइन केली. पहिलं डिझाइन तपासणीत पास झालं होतं. त्याला नऊ पिना लागत होत्या. पास झाल्यावर त्यांना सुचलं की आतली कायम करंट देणारी रचना काढून तिथे साधा रेझिस्टर वापरता येईल, म्हणजे एक पिन वाचेल आणि आठ पिनांच्या छोट्या पॅकेजमध्ये सगळं बसेल. त्यांनी पास झालेलं डिझाइन पुन्हा केलं. आज तुमच्या किटमध्ये ती आठच पायांची आहे.

एक कडू गोष्ट राहिली, ती प्राचार्यांसमोरच बोलतो. रेडीमेड प्रोजेक्ट मिळतात, रिपोर्टसकट, स्पायरल बाइंडिंग करून. मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, सरांनाही माहीत आहे. एका वर्षी माझ्याकडे एकाच सर्किटच्या तीन फाइली तीन वेगळ्या कॉलेजांतून आल्या. तिन्हींत एका डायोडची दिशा उलटी छापली होती. मी तिन्ही गटांना विचारलं, हे असं चाललं कसं? एकाने सांगितलं, “सर, डेमोच्या वेळी चाललं होतं.” त्या मुलाचा मला राग आला नाही. त्याने पैसे देऊन घेतलेली वस्तू त्याच्या हातात होती आणि ती का चालते हे सांगणारी एकही रात्र त्याच्याजवळ नव्हती. बर्डीवरून ट्रान्झिस्टर आणायचा, रात्री तो जाळायचा, सकाळी पुन्हा दुकान उघडायची वाट बघत कोपऱ्यावर तर्री पोहा खायचा, ही मजा त्याने पैसे मोजून दुसऱ्याला देऊन टाकली.

विंगेतून मघापासून कोणीतरी हात करतंय. दिसतंय मला. पुढचा नंबर ग्रुप डान्सचा आहे.

उद्या सकाळी नऊला मी परत येतोय. तुमच्या सरांना सांगून ठेवलंय, खालच्या लॅबमध्ये प्रोजेक्ट मांडा, भाषण करणार नाही, फक्त बघेन. माझा मल्टिमीटर घेऊन येईन आणि आधी तुमची ती नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोजेन. तिच्यावर मोटर चालवून मग “प्रोग्राम हँग होतोय” म्हणणारे निदान तीन गट निघतील, पैज लावतो. बॅटरी नवी घालून ठेवा. आणि वही टेबलावर ठेवा, बोर्डाच्या आधी ती मागणार आहे.

चला, गाणं लावा.