घाटेअळी, हरभरा आणि पुण्याची प्रयोगशाळा



रब्बीच्या दिवसांत पहाटे कुहीच्या शिवारातील हरभऱ्यातून जो चालत गेला असेल, त्याला पायांना लागणारा तो आंबट ओलावा परिचित आहे. पूर्वी रात्री पिकावर स्वच्छ कापड पसरून सकाळी ते पिळून घेत आणि ती आंब पोटदुखीसाठी जपून ठेवीत. पानांवरील सूक्ष्म केसांतून झाड मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ल पाझरवते. माणसाने त्याचे औषध केले. झाडाने मात्र ते अळीसाठी योजलेले आहे. ऑक्झॅलिक आम्ल पोटात गेले की कोवळ्या अळीची वाढ मंदावते. मुळांनी जागेशी जखडलेला जीव पळून जाऊ शकत नाही; म्हणून तो रसायनांचा आश्रय घेतो.

अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात क्लॅरेन्स रायन यांनी १९७२ साली याहून विस्मयकारक गोष्ट दाखवून दिली. बटाटा व टोमॅटोचे एक पान किड्याने कुरतडले, की न कुरतडलेल्या पानांतही एक विशिष्ट प्रथिन साठू लागते. जखमेची वार्ता झाडभर पोहोचते. हे वृत्त वाहणारा अठरा अमिनो आम्लांचा लहानसा रेणू त्याच प्रयोगशाळेला पुढे १९९१ मध्ये सापडला. जैन दर्शनाने वनस्पतिकायिक जीवाला एकेंद्रिय म्हटले, त्यास स्पर्शाची जाणीव मानली. प्रयोगशाळेचे निष्कर्ष त्या सिद्धांताला प्रमाणपत्र म्हणून जोडण्याची ओढाताण कोणी करू नये; दोन्हींच्या भाषा भिन्न आहेत. तरीही हे वाचताना श्रावकाचे मन क्षणभर थबकल्याशिवाय राहत नाही.

साठणारे ते प्रथिन म्हणजे पाचकरसाला अडविणारा रोधक. अळीच्या आतड्यात अन्नातील प्रथिने तोडणारी विकरे असतात. रोधक त्या विकराच्या नेमक्या खाचेत कुलपात अडकलेल्या किल्लीप्रमाणे रुतून बसतो. अळी खात राहते, पण खाल्लेले अंगी लागत नाही. सोयाबीन कच्चे खाऊ नये, भाजून वा उकडून घ्यावे, असे सांगतात त्यामागेही असाच एक रोधक आहे. उष्णतेने तो निकामी होतो.

मग एवढी शस्त्रे असताना घाटेअळी हरभरा फस्त कशी करते? हा प्रश्न हाती घेतला तो पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने. १९५० साली स्थापन झालेल्या या संस्थेत डॉ. प्रभाकर रांजेकर, डॉ. विद्या गुप्ता, डॉ. अशोक गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले उत्तर शेतकऱ्याला अस्वस्थ करणारे होते. हरभऱ्याचे रोधक घाटेअळीची विकरे चक्क पचवून टाकतात. पिढ्यान्‌पिढ्या एकाच ताटात जेवणाऱ्या शत्रूला त्या ताटातील विष अंगवळणी पडले होते.

म्हणून पुढचे पाऊल परक्या झाडांकडे वळले. भुईमूग, बटाटा, चौधारी घेवडा यांचे रोधक अळीला खाऊ घातले, तेव्हा तिची वाढ खुंटली. परंतु १९९९ च्या शोधनिबंधात त्याच गटाने सावधानतेचा इशाराही दिला: एक रोधक आला की अळी वेगळ्या घडणीची विकरे निर्माण करू लागते. तेव्हा एकच एक शस्त्र पुरत नाही. निरनिराळे रोधक एकापाठोपाठ वापरावे लागतात. शंभरावर वनस्पतींवर जगणाऱ्या या किडीचे सामर्थ्य तिच्या आतड्याच्या या लवचिकपणात आहे.

यानंतर कारल्याच्या बियांवर काम झाले आणि मग मिरचीवर. मिरचीचे सातरे ज्या भागात चालतात, तेथील श्रोत्यांना हे विशेष वाटावे. २००५ साली डॉ. वैजयंती ताम्हाणे व सहकाऱ्यांनी दाखविले, की मिरचीच्या झाडातील रोधकांमुळे घाटेअळीची वाढ आणि तिच्या पतंगाचे प्रजनन, दोन्ही मंदावतात. मिरची एका साच्याचा रोधक करून थांबत नाही. कधी एक, कधी दोन, तीन वा चार घटकांची साखळी ती घडविते आणि प्रत्येक घटकात किंचित फरक ठेवते. पुण्यात जे सूत्र प्रयोगांती हाती लागले, ते मिरचीने केव्हाच अंगीकारलेले होते.

विदर्भाला याची किंमत कापसाने शिकविली. २००२ मध्ये बीटी कापूस आला, २००६ मध्ये दोन जनुकांचा आला. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने तोही पोखरला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व मजुरांचे प्राण गेले. रोधकांच्या संशोधनात जीवहानी नाही, असे या व्यासपीठावरून म्हणणे प्रामाणिक ठरणार नाही. अळी खुंटते, मरतेही. पण फवाऱ्याचे विष मधमाशीला, अळीवर जगणाऱ्या मित्रकीटकांना आणि फवारणाऱ्याच्या श्वासालाही गाठते. झाडाच्या आतला रोधक प्रामुख्याने ते झाड खाणाऱ्यालाच बाधतो. अधिक आणि उणी हिंसा यांतील हा भेद दुर्लक्षिण्याजोगा नाही.

चीनमध्ये चवळीचा रोधक व बीटी एकत्र असलेला कापूस शेतात गेला. आपल्याकडे मात्र रोधकयुक्त हरभऱ्याचे वाण अद्याप शेतकऱ्याच्या हाती आलेले नाही. प्रयोगशाळेतून बांधापर्यंतचा रस्ता लांबचा आहे. तोवर शेतकऱ्यापाशी जे आहे ते साधे आहे. पेरणीच्या वेळी हरभऱ्यात मूठभर ज्वारी टाकली, की तिच्या ताटांवर पक्षी येऊन बसतात आणि अळ्या वेचतात. आणि एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसेपर्यंत फवारा खांद्यावर घेऊ नये, असे कृषितज्ज्ञ सांगतात. त्यासाठी आधी ओळीत वाकून अळ्या मोजाव्या लागतात.