वाचा कुणी देत नाही
(विहाराच्या वर्धापनदिनी मंडणगड येथे केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व बाबासाहेबांना वंदन करून दोन शब्द बोलायला आम्ही उभे आहोत. आम्ही विद्वान नाही. गिरणीत राबलो आणि जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. तेव्हा शब्द इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्या.

अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा सांगितली आहे. खोटं बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये, वायफळ बोलू नये. पण ज्याला वाचाच ठेवली नाही, त्याची वाचा सम्यक होणार कशी?

आपल्या तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. शेजारच्या दापोलीतलं वणंद हे माता रमाईंचं. याच कोकणात खोतीचा अंमल होता. कुळाने राबायचं, खोत मागेल ते द्यायचं, वर वेठ करायची आणि उलट बोलायचं नाही. त्यातून कूळ अस्पृश्य असलं तर विचारूच नका. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. खोताच्या अंगणात ज्यांची मान वर होत नव्हती, ती कोकणातली कुळं मुंबईत घोषणा देत होती!

गाव सोडून मुंबईस गेलं तरी तोंड मोकळं झालं नाही. विणाईच्या साळखात्यात कांडी बदलली की धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. आपलं तोंड लागलं तर धागा बाटतो, म्हणून त्या खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. आणि पगार तर तिथेच जास्त! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. मालकाविरुद्ध एकजुटीने ओरडणाऱ्या कामगारांतसुद्धा एकाचं तोंड शुद्ध नि दुसऱ्याचं अशुद्ध होतं, हे विसरू नका.

आता लिहिण्याचं पाहा. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत राहिले. वर्तमानपत्रांतून लिहू लागले, 'विटाळ विध्वंसन' लिहून धर्माच्या ठेकेदारांना सवाल केले. पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. पण पैसे घेऊन जाहिरात छापा म्हटलं, तरी 'केसरी'ने ती छापली नाही, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलं आहे. सरकारने 'मूकनायक'वर बंदी घातली नव्हती. कुलूप समाजाने लावलं होतं! राज्यघटनेच्या कलम १९ ने आपल्याला भाषणस्वातंत्र्य दिलं, ते फार मोठं आहे. पण समाजाने लावलेलं कुलूप नुसत्या कायद्याने निघत नाही.

आणि आता थोडं कडू बोलतो. ते कुलूप आपल्याही घरात आहे.

१८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मातंग मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे मुद्दाम वेगळं भाषण केलं. असं असूनही फलटणच्या बेबीताई कांबळे यांना आपलं लिखाण घरच्यांपासून वीस वर्षं लपवून ठेवावं लागलं. तेच पुढे १९८६ साली 'जिणं आमचं' म्हणून पुस्तक झालं. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या ऊर्मिला पवार यांचं 'आयदान' २००३ साली आलं. आई आयदानं विणायची, लेकीने शब्द विणले. बेबीताईंना कुणापासून लपवावं लागलं? पेशव्यांपासून नव्हे, खोतापासून नव्हे. घरातल्याच माणसांपासून!

वंदनेला विहारात जास्त कोण असतं? बाया. चटया कोण अंथरतं? खीर कोण रांधतं? बाया. आणि माईक कुणाच्या हातात असतो? आमच्यासारख्यांच्या! जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या रचणाऱ्या आज्या एकेक करून चालल्या आहेत. धर्मांतराच्या वेळी घरातले देव बाहेर काढताना त्यांच्या मनात काय होतं, मुंबईहून मनीऑर्डर येईपर्यंत चूल कशी पेटवली, हे कुठल्या ग्रंथात सापडणार? त्यांच्याबरोबर ते जाणार.

म्हणून विहार कमिटीकडे आमची एकच मागणी आहे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेची निम्मी पानं बायांची ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यापुढे शिकलेल्या नातवंडांनी वही घेऊन बसावं आणि आजी बोलेल तसंच लिहावं. तिची भाषा सुधारू नये. शुद्ध-अशुद्धाच्या नावाखाली आपल्याला पुष्कळ गप्प बसवलं गेलं आहे, आता ते आपण आपल्या आजीला करू नये.

वाचा कुणी देत नाही, ती आपली आपण घ्यावी लागते. पण शेजारचा बोलू लागला की ऐकणं, हे तरी आपल्या हातात आहे.

आमच्यानंतर बोलायला कुणी पुरुष उठू नये, एखाद्या मावशीने यावं, एवढी विनंती करून आम्ही रजा घेतो.

नमो बुद्धाय. जय भीम!